नमी शेवटी टाका

नरहर पागनीस हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आता सगळं होऊन गेलंय, तरी आवडतो असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू?

मी सुचेता. भोपाळमध्ये हबीबगंजला औषधाच्या दुकानावर माझी एक खोली आहे. स्टेशनचं नाव बदललं, पण पत्ता सांगताना माझ्या तोंडी हबीबगंजच येतं. त्या खोलीत बसून मी दुकानांना, गोदामांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून देते. एकटीच लिहिते, एकटीच दुरुस्त करते आणि लोकांच्या शिव्याही एकटीच खाते. वडील पुण्याहून इथल्या कारखान्यात बदलून आले, मी इथेच वाढले, चव्वेचाळीसची झाले, पण बोलणं फटकळ ते फटकळच राहिलं. आई म्हणायची, सुचे, तुझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणायचे, कुणाच्याच नसतं.

करोंदला मंडीच्या अलीकडे धान्याचं एक मोठं गोदाम आहे. त्याच्या दारात धरमकाटा आहे, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून तोलायचा काटा. गव्हानं भरलेली ट्रॉली येते, तिची पहिली तौल होते. आत माल उतरवून ती रिकामी परत येते, दुसरी तौल होते. वजाबाकी होऊन पर्ची, म्हणजे वजनाची पावती, छापली जाते, ड्रायव्हर सही करतो आणि जातो. हे सगळं माझ्या प्रोग्रॅमवर चालतं, आणि त्या प्रोग्रॅमसमोर काचेच्या केबिनमध्ये पागनीस काका बसायचे. ग्वाल्हेरचे, एकोणसाठ वर्षांचे, शर्टाचं गळ्याजवळचं बटण एप्रिलातसुद्धा लावलेलं.

प्रोग्रॅमच्या वरच्या पट्टीत 'तौल' नावाचा मेनू आहे. तो उघडला की खाली ओळी पडतात. पहली तौल, दूसरी तौल, निरस्त, पर्ची. निरस्त म्हणजे रद्द. आता मला सांगा, कुठला शहाणा माणूस छपाईच्या डोक्यावर रद्द ठेवेल? पण माझ्याआधी तिथं डॉसचा जुना, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा प्रोग्रॅम होता, त्यात असाच क्रम होता, आणि काकांनी गोदामाच्या मालकांना, सेठना सांगून तो माझ्याकडून जसाच्या तसा करून घेतला. मी भांडले. सेठ म्हणाले, पागनीसजी जैसा बोलें वैसा कर दो, मॅडम. केलं. पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

माउस काकांनी कधी हातात धरला नाही. सगळं बाणाच्या बटणांवर. खाली, खाली, एंटर, झाली दुसरी तौल. चारदा खाली, एंटर, कॉम्प्युटर विचारणार 'पक्का?', परत एंटर, निघाली पर्ची. बोटं झपाझप चालायची आणि मान खिडकीकडे. मला वाटायचं, माझ्यावर छाप पाडायला करतात.

आणि अलीकडे तर आढ्यता किती! मी दारात येऊन उभी राहिले तरी हा माणूस ओळख दाखवायचा नाही. मी काही बोलले की मग, "अच्छा, मॅडम आल्या." ड्रायव्हर खिडकीशी आला की त्याच्यावर खेकसणार, "नंबर बोल. ज़ोर से." पर्ची निघाली की स्वतः बघायचीही तसदी नाही, त्याच्याच हातात कोंबून, "पढ़ के सुना." तो बिचारा अडखळत आकडे वाचणार, ज्याला वाचता येत नसेल तो मागच्याला हाक मारणार, काका डोळे मिटून ऐकणार आणि मग "हां, कर दस्तखत." मी मनात म्हणायचे, काय ही साहेबगिरी, गरिबाकडून धडे वाचून घेतोय मास्तरासारखे.

गेल्या सात वर्षांत मेनूत काहीही नवीन टाकायचं म्हटलं की काकांचं एकच, "शेवटी टाका." गाडी शोधायची सोय? शेवटी टाका. पर्ची पुन्हा छापायची? शेवटी टाका. चार ओळींच्या खाली माझ्या तीन ओळी लोंबकळत राहिल्या, कामाच्या क्रमाशी काही संबंध नाही. जितेंद्र मॅनेजर म्हणून आल्यापासून दोन वर्षांत मी त्याला तीन मेल लिहिल्या. हो, तीन. शब्द मला पाठ आहेत. 'काका नवीन काही शिकायला तयार नाहीत. यांच्यामुळे काम अडतं. कृपया दुसरा माणूस बघावा.' जितेंद्र इंदूरचा, तिशीतला, गोड बोलून वेळ मारून नेणारा. शेवटच्या मेलनंतर म्हणाला, "ताई, एका वर्षाची तर गोष्ट आहे, रिटायरच होतायत ना."

यंदा मार्च संपता संपता त्याचा फोन आला. "ताई, या सीझनपासून प्रत्येक गाडीची नमी चढवायचीय. मेनूत एक ऑप्शन टाकून द्या." नमी म्हणजे दाण्यातला ओलावा. "कुठे टाकू?"

"काकांशी बोलून घ्या. मला काय फरक पडतोय."

मी करोंदला गेले. काकांना म्हणाले, "नमी तपासतात पहिल्या आणि दुसऱ्या तौलेच्या मध्ये. म्हणून ती दुसऱ्या नंबरवर आली पाहिजे."

"शेवटी टाका," काका म्हणाले.

"का?"

"शेवटी टाका म्हणजे शेवटी टाका."

"काका, कारण सांगा. प्रोग्रॅम माझा आहे."

"आणि काटा माझा आहे." ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते. "बाई, माझे अकरा महिने राहिलेत. ग्वाल्हेरच्या घरातला भाडेकरू पुढच्या मार्चला निघतोय. तोवर मागचं हे क्वार्टर आहे, नोकरी आहे तोवर क्वार्टर आहे. अकरा महिने तुम्ही माझ्या चार ओळींना हात लावू नका. मग मेनू उलटा टांगा नाहीतर नाचा त्याच्यावर."

"तुमच्या क्वार्टरचा आणि माझ्या मेनूचा काय संबंध?"

"नाही कळायचं तुम्हाला. ज्याला घाई त्याला दिसत नाही."

बाहेर तीन ड्रायव्हर उभे होते, दात काढत होते. मी तणतणत स्कूटरला किक मारली. भोपाळ टॉकीजच्या चौकापर्यंत माझं मनातल्या मनात भांडण चालू होतं आणि प्रत्येक फेरीत मीच जिंकत होते.

आता कोडमध्ये ही गोष्ट किती लहान असते ते सांगते. मेनूत नवीन ओळ घालायचे दोन शब्द आहेत. 'अ‍ॅड' लिहिलं की ओळ निमूट शेवटी जाऊन बसते. 'इन्सर्ट' लिहिलं आणि पुढे नंबर दिला की ती हवी तिथं घुसते, बाकीच्या एकेक पायरी खाली सरकतात. बस. बाकी सगळं तेच. मी आधी अ‍ॅड लिहिलं होतं. अगदी खरं सांगते, लिहिलं होतं. मग 'ज्याला घाई त्याला दिसत नाही' आठवलं आणि मी ते खोडून इन्सर्ट लिहिलं. संध्याकाळी इथूनच त्यांच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम चढवला आणि जितेंद्रला मेसेज टाकला, 'नमी टाकली, दोन नंबरवर.' त्यानं अंगठा दाखवला. त्याला वाटलं, काकांशी बोलणं झालंय. काकांना मी कळवलं नाही. म्हटलं, उद्या बघतील की स्क्रीनवर. डोळे दिलेत ना देवानं?

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पोह्यांची प्लेट हातात होती आणि फोन वाजला. जितेंद्र. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ.

"ताई, पर्चीच निघेना. सतरा ट्रॉल्या उभ्यायत, रस्त्यापर्यंत लाइन गेलीय. जी गाडी घ्यावी ती रद्द होतेय. तुमच्या प्रोग्रॅमनं वाट लावलीय आज!"

मला लगेच कळलं. बोटं जुन्या हिशेबानं चालली होती. चारदा खाली, एंटर, पक्का, एंटर. दुसऱ्या नंबरवर तौलेऐवजी नमी उघडत होती आणि चौथ्या नंबरवर आता पर्ची नव्हती, निरस्त होतं. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. सात वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या तावडीत सापडला होता.

"प्रोग्रॅमला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "काकांना द्या."

"स्पीकरवर आहे, बोला."

"काका, तौलचा मेनू उघडा."

"उघडलाय."

"वाचा काय लिहिलंय ते."

"काय लिहिलंय ते मला माहीत आहे. पर्ची का निघत नाही ते सांगा."

"माहीत आहे म्हणून नाही विचारलं. वाचा. वरून खाली, एकेक ओळ." माझा आवाज चढला होता, खालच्या औषधाच्या दुकानापर्यंत जात असणार. "ड्रायव्हरांना रोज वाचायला लावता ना? पढ़ के सुना म्हणता ना? आज तुम्ही वाचून दाखवा. ज़ोर से!"

तिकडे कुणीतरी हसलं. एखादा ड्रायव्हर असेल.  काकांनी घसा साफ केला आणि अगदी स्पष्ट, शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाले,

"पहली तौल. दूसरी तौल. निरस्त. पर्ची."

"काय?"

"पहली तौल. दूसरी तौल. निरस्त. पर्ची. झालं समाधान?"

मला क्षणभर वाटलं, नवा प्रोग्रॅम चढलाच नाही की काय. "दोन नंबरवर काय आहे, नीट बघा."

"दूसरी तौल."

"नमी नाही दिसत?"

 हॉर्न बरोबर त्याच वेळी थांबले होते. मग जितेंद्रचा आवाज आला, हळू केलेला, पण स्पीकरवर मला ऐकू आलाच. "काका... दोन नंबरवर नमी लिहिलंय. मोठं लिहिलंय. तुमच्या समोर."



"काका, इकडे बघा. ही बोटं किती?" जितेंद्रनं विचारलं.

 मी ओरडले, "जितेंद्र, फोन बंद कर." पण ते त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मला मात्र पागनीस काकांचा आवाज ऐकू आला. ते म्हणाले, "दोन." आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही, म्हणून मला कळलं की दोन नव्हती.

करोंदला पोचले तेव्हा काकांच्या खुर्चीत जितेंद्र बसला होता आणि माउसनं एकेक गाडी काढत होता. मी केबिनमध्ये शिरले आणि सुरू झाले. म्हणाले, चूक माझी आहे, मी न विचारता मेनू बदलला. म्हणाले, रोजचा बॅकअप माझ्याकडे येतो, निघायच्या आधी गेल्या काही वर्षांचा उघडून पाहिलाय, या माणसाची एक पर्ची चुकलेली नाही. एकही नाही! डोळसांच्या चुकतात. मेनू जुन्यासारखा करते, पाच मिनिटांत करते, अकरा महिने त्यांना बसू दे.

"ताई," जितेंद्र स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आंधळा माणूस काट्यावर बसवलाय असं मंडीत पसरलं तर एक गाडी येणार नाही इथे. सतरा ड्रायव्हरांनी ऐकलंय. सेठना फोन गेलासुद्धा." मग त्यानं खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "आणि हे कुणी लिहिलं होतं? मीच तर ह्या मेल सेठना आज पाठवल्या. म्हटलं, मॅडम दोन वर्षांपासून सांगतायत, आपणच ऐकलं नाही."

माझीच अक्षरं होती. 'कृपया दुसरा माणूस बघावा.' मी त्याला म्हणाले, तू नालायक आहेस. तो म्हणाला, "असेन ना. पण लिहिलं तुम्ही."

क्वार्टर काट्याच्या मागेच आहे, दोन खोल्यांचं. दार मीना काकूंनी उघडलं, पागनीसांच्या बायकोनं. त्यांनी मला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही. भर एप्रिलच्या दुपारी घरी आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको.

काका पलंगावर बसले होते. गळ्याजवळचं बटण तसंच लावलेलं.

"आलात?" ते म्हणाले. "आता काय वाचायला आणलंय?"

 मी उभीच होते. बसा म्हणालं नव्हतं कुणी.

"किती दिवसांपासून आहे हे?" मी शेवटी विचारलं.

"तीन वर्षं. मधलं सगळं गेलंय, कडेकडेनं दिसतं. तुम्ही दारात आलात की कुणीतरी आलंय एवढं कळतं, तोंड दिसत नाही. बोललात की ओळखतो. डॉक्टर म्हणाला, आता हे परत यायचं नाही." जसं काही भाव सांगत होते गव्हाचा. "अक्षर दिसत नाही. पण अक्षर हवंय कुणाला? वजन तारेतून आपोआप येतं. नंबर ड्रायव्हर सांगतो. पर्ची ड्रायव्हर वाचतो. उरल्या चार ओळी. त्या मला पंचवीस वर्षांपासून पाठ आहेत."

"मग मला सांगायचं नाही का?" माझा आवाज पुन्हा चढला. लाज वाटली की मला रागच येतो, ही माझी जित्याची खोड. "नुसतं शेवटी टाका, शेवटी टाका! एकदा कारण सांगितलं असतंत तर..."

"तर काय केलं असतंत?"

मीना काकू दारात उभ्या होत्या. काका माझ्या खांद्यापलीकडे बघत होते, आणि आता मला ठाऊक होतं की त्यांना असं बघितलं तरच मी थोडी दिसते.

"खरं सांगा हां, बाई. सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

तोंडावर खोटं येत होतं. मेनू तसाच ठेवला असता, कुणाला बोलले नसते, असं सगळं. पण त्या मेल मी लिहिल्या होत्या.

"जितेंद्रला सांगितलं असतं," मी म्हणाले.

"मग?" काका म्हणाले.

मीना काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या आत गेल्या. आतून भांडी काढल्याचा आवाज येऊ लागला, एकावर एक रचल्याचा. सेठनी काकांना कामावरून काढलं होतं, महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायला सांगितलं होतं. ग्वाल्हेरच्या घरात भाडेकरू, त्याला मार्चपर्यंतचा शब्द दिलेला.

"मी आत्ता मेनू जुना करते," मी म्हणाले. "सेठशी बोलते. पाया पडते त्यांच्या."

"आता कुणासाठी करता जुना?" काका म्हणाले. "जा तुम्ही. तुमच्याशी भांडायचीही ताकद नाही आज. आणि दार ओढून घ्या, धूळ येते काट्याची."

मी दार ओढून घेतलं. सेठना खरोखर भेटले, दोनदा भेटले. त्यांनी चहा पाजला आणि हात जोडले. पागनीस काका आणि काकू एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेले, मीना काकूंच्या भावाकडे उज्जैनला. तिथं एका खोलीत राहतात म्हणे. मी निरोप द्यायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? आणि गेले असते तर काकांनी मला चार शब्द सुनावले असते, मीही उलटून बोलले असते, मला माहीत आहे.

जूनमध्ये सीझन संपत आला आणि जितेंद्रचा फोन आला. नेहमीसारखा गोड.

"ताई, छोटंसं काम होतं. ती नमी आहे ना, ती तर लॅबवाला शेवटी एकदमच चढवतो. गाडीगणिक कुणी बघत नाही. मध्येच येते, उगाच चुकून दाबली जाते. खाली टाकून द्या ना, शेवटी."

 मी फोन कानाला तसाच धरून फाइल उघडली. ती ओळ शोधावी लागली नाही, तिचा नंबरसुद्धा मला पाठ होता. इन्सर्ट खोडलं. अ‍ॅड लिहिलं. प्रोग्रॅम चढवला.

"झालं," मी म्हणाले.

"अरे वा!" जितेंद्र म्हणाला. "इतक्यात?"